दुहेरी क्लचची थरथर आणि तिचे निदान

चेन्नई शहराच्या पश्चिम भागातील अण्णा नगर ही आखून वसविलेली वस्ती आहे. १९६८ साली या ठिकाणी आंतरराष्ट्रीय व्यापारी प्रदर्शन भरले होते. त्या निमित्ताने उभारलेला १३५ फूट उंचीचा मनोरा तेथील उद्यानात आजही उभा आहे. पुढील काळात तमिळनाडू गृहनिर्माण मंडळाने त्याच्या आसपास एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची वसाहत निर्माण केली. येथील मुख्य रस्ते रुंद व सपाट आहेत. चढ म्हणावा असा एक तर उड्डाणपुलावर आढळतो, नाही तर मोठ्या इमारतींच्या तळघरातील वाहनतळातून वर येणाऱ्या रस्त्यावर. मोटारगाडीच्या क्लचची खरी परीक्षा घाटात होते, असा सर्वसाधारण समज आहे. त्या हिशेबाने अण्णा नगरात क्लचला विश्रांतीच मिळावयास हवी. प्रत्यक्षात मात्र तिरुमंगलमपासून राउंडटाणा चौकापर्यंत जाणाऱ्या सेकंड ॲव्हेन्यूवर संध्याकाळच्या वेळी गाडी वीस पावले सरकते, थांबते आणि पुन्हा सरकते. क्लचला घाटापेक्षा ही सरकणूक अधिक जाचक ठरते. याचे कारण पुढे येईल.

समजा, दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स असलेली, पाच-सहा वर्षे वापरलेली एक गाडी या रस्त्यावर आहे. पुढचा दिवा हिरवा होतो, चालक ब्रेकवरून पाय काढून ॲक्सिलरेटर हलकेच दाबतो, आणि गाडी पुढे निघताना सुकाणूचक्र, आसन व आरसा ही सर्व एक-दोन सेकंद थरथरतात. गाडीने वेग घेतला की थरथर नाहीशी होते. कारागीर हिलाच ‘जडर’ म्हणतात. मालक चौकशीस निघतो तेव्हा त्यास बहुधा तीन उत्तरे मिळतात. पहिला जाणकार म्हणतो, या जातीच्या गिअरबॉक्सचा स्वभावच तसा आहे. दुसरा म्हणतो, आपली चालविण्याची पद्धत चुकीची आहे. तिसरा म्हणतो, क्लचचा संच बदला. ही तिन्ही उत्तरे परस्परविरोधी दिसली तरी त्यांत एक साम्य आहे: तिघांपैकी कोणीही काही मोजलेले नसते. थरथर हे लक्षण आहे. ते कोणत्याही एका भागाचे नाव नव्हे. ताप आलेल्या प्रत्येक रोग्यास एकच औषध देणाऱ्या वैद्याप्रमाणे प्रत्येक थरथरीवर क्लच बदलणारा कारागीर काही वेळा बरोबर ठरतो. परंतु जेव्हा तो चुकतो तेव्हा त्याची किंमत मालकाला मोजावी लागते, आणि ती लहान नसते.

निदानाकडे वळण्यापूर्वी यंत्राची रचना ध्यानात घेतली पाहिजे. साध्या गाडीत एंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये एकच क्लच असतो. एंजिनबरोबर फिरणारे जड प्रचक्र, म्हणजेच फ्लायव्हील, आणि त्यावर दाबली जाणारी अस्तर लावलेली तबकडी, असे त्याचे स्थूल स्वरूप. गिअर बदलताना तो क्लच सोडावा लागतो व तेवढा क्षण चाकांना जोर मिळत नाही. हा खंड टाळण्याची कल्पना फ्रान्समधील अभियंता आडोल्फ केग्रेस याने १९३९ च्या सुमारास मांडली. एका दांड्याऐवजी दोन दांडे घ्यावयाचे, एक पोकळ व दुसरा त्याच्या आतून जाणारा. एकावर १, ३, ५ हे विषम गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६ हे सम गिअर. आणि प्रत्येक दांड्याला स्वतंत्र क्लच. पहिला गिअर काम करीत असताना दुसरा आधीच अडकवून ठेवलेला असतो. एक क्लच सुटू लागतो त्याच क्षणी दुसरा धरू लागतो. कल्पना साधी, पण दोन क्लचमधील ही देवघेव सेकंदाच्या अंशात जमवून आणणारा मेंदू त्या काळी उपलब्ध नव्हता. १९८० नंतरच्या दशकात पोर्शच्या शर्यतीच्या गाड्यांत ही रचना उतरली. २००३ साली फोक्सवागनच्या गोल्फ गाडीतून ती बाजारात आली. त्या गिअरबॉक्समधील क्लच तेलात बुडालेले होते. २००८ मध्ये त्याच कंपनीने कोरड्या क्लचचा सात गिअरांचा प्रकार आणला. तो हलका व स्वस्त होता आणि तेल घुसळण्यात वाया जाणारी शक्तीही त्यात वाचत होती.

भारतातील लहान गाड्यांत मुख्यतः हा कोरडा प्रकारच पसरला. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या पोलो गाडीच्या एका प्रकारात तो २०१३ मध्ये आला. त्याच वर्षी चेन्नईच्या दक्षिणेस मराईमलाई नगर येथील फोर्डच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या इकोस्पोर्टमध्येही सहा गिअरांचा कोरडा दुहेरी क्लच होता. २०१७ मध्ये फोर्डने इकोस्पोर्टमधून तो काढून टाकला. पुढे २०२२ मध्ये तो कारखानाच बंद झाला. गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. चेन्नईच्या पश्चिमेस श्रीपेरुंबुदूरजवळ ह्युंडाईचा कारखाना आहे. तेथील व्हेन्यू गाडी २०१९ मध्ये सात गिअरांचा कोरडा दुहेरी क्लच घेऊन आली. टाटांनी २०२२ मध्ये अल्ट्रोझ गाडीसाठी मात्र तेलात बुडालेला प्रकार निवडला. कोरडा की ओला, हा प्रश्न निदान करणाऱ्याने सर्वांत आधी विचारावा. ओल्या क्लचमध्ये उष्णता तेल वाहून नेते, त्यामुळे जुने किंवा चुकीच्या प्रतीचे तेल हेच तेथील थरथरीचे कारण असू शकते, आणि तेल बदलणे क्लच बदलण्याच्या मानाने किरकोळ काम आहे. कोरड्या क्लचला हवेशिवाय दुसरा आधार नाही. येथून पुढचे विवेचन मुख्यतः कोरड्या प्रकारास अनुलक्षून आहे.

दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताना थरथर का निर्माण व्हावी? फळ्यावर खडू करकरतो, बिजागरी कुरकुरते, ओले बोट काचेवर फिरविले की आवाज येतो. या सर्वांचे मूळ एकच आहे. काही पृष्ठभागांत घसरण्याचा वेग वाढला की घर्षण कमी होते व वेग मंदावला की ते वाढते. अशा वेळी तबकडी क्षणभर पकडते, मग निसटते, पुन्हा पकडते. क्लचपासून चाकांपर्यंतचे दांडे थोडेफार पिळले जाऊन पुन्हा सुटतात. एखाद्या स्प्रिंगप्रमाणे त्यांचे स्वतःचे एक आंदोलन असते. गाडीगणिक ते बदलते, पण सर्वसाधारणपणे सेकंदाला आठ ते पंधरा या घरात असते. पकड-निसट या आंदोलनाशी जुळली की सर्व गाडी हलू लागते. निरोगी अस्तर असे बनविलेले असते की वेगाबरोबर त्याचे घर्षण किंचित वाढावे किंवा निदान स्थिर राहावे. अस्तर करपून त्यावर काचेसारखी झिलई चढली, किंवा गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या दांड्याच्या ऑइल सीलमधून तेलाचा पापुद्रा त्यावर पसरला, की हा गुण नष्ट होतो.

थरथरीचे दुसरे एक कूळ आहे. त्यात घर्षणाचा दोष नसतो, आकाराचा असतो. दाब देणारी लोखंडी तबकडी उष्णतेने वाकडी झाली, किंवा तिच्यावर जागोजागी तापलेले उंचवटे उठले, तर प्रत्येक फेऱ्यात पकड कमी-जास्त होते. ही दोन कुळे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. मोकळ्या रस्त्यावर गाडी दोनदा थांब्यावरून काढावी: एकदा ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवून, म्हणजे एंजिन मिनिटाला अकराशे-बाराशे फेऱ्यांवर राहील अशी, आणि दुसऱ्यांदा जरा जोराने, अठराशेच्या आसपास. सेकंदाला किती हिसके बसतात ते मोजावे. दोन्ही वेळा संख्या जवळजवळ तीच राहिली तर दोष घर्षणाचा मानावा. संख्या फेऱ्यांबरोबर वाढली तर काहीतरी वाकडे फिरत आहे असे समजावे. हिसके मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. आजच्या भ्रमणध्वनीत कंपमापक असतोच. तो गाडीच्या मधल्या भागावर घट्ट बसवून त्याचा आलेख नोंदविला की पुरे. हातात धरलेल्या यंत्राची नोंद मात्र निरुपयोगी असते. तीत गाडीपेक्षा हाताचीच थरथर अधिक उमटते.

आता एक कूटस्थान येते आणि पुष्कळ कारागीर नेमके येथेच फसतात. चार आघातांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. एंजिन मिनिटाला १२०० फेरे करीत असेल तर ते सेकंदाला २० झाले. त्यांपैकी एक सिलिंडर नीट पेटत नसेल तर सेकंदाला १० दणके चुकतात. म्हणजे क्लचच्या थरथरीचा जो पट्टा, त्यातच हे हिसके येऊन पडतात. अंगाला दोन्ही सारखेच जाणवतात. एक स्पार्क प्लग किंवा एक इग्निशन कॉइल बिघडल्यामुळे आख्खा क्लच उतरविला गेला, असे होऊ शकते ते यामुळेच. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून पाहणे ही पहिली पायरी झाली, पण ती पुरेशी नाही. कारण कित्येकदा बिघडलेली कॉइल भार पडल्यावरच दगा देते. खरी कसोटी अशी: गाडी हाताने गिअर निवडण्याच्या पद्धतीत घालावी, तिसऱ्या गिअरमध्ये स्थिर करावी आणि मग ॲक्सिलरेटर दाबावा. या वेळी क्लच पूर्ण धरलेला असतो, घसरत नसतो. घसरण नाही तर क्लचची थरथर नाही. तरीही गाडी हादरली तर दोष अन्यत्र शोधावा: प्रज्वलनात, इंधनाच्या फवाऱ्यात, एंजिनाच्या रबरी पायांत, किंवा पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांत. ब्रेक लावतानाच जी गाडी हलते तिचा तर या प्रकरणाशी काहीही संबंध नाही. हे सांगण्याची गरज पडू नये, परंतु पडते.

थरथर केवळ घसरणीच्या काळात आहे असे ठरले, की कोणता क्लच दोषी हे पाहावयाचे. येथे दुहेरी रचनेचा लाभ होतो, कारण यंत्र स्वतःच साक्ष देते. सुटताना पहिला गिअर, म्हणजे विषम क्लच काम करतो. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना सम क्लच धरतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पुन्हा विषम. मागचा गिअर कोणत्या दांड्यावर आहे हे त्या त्या गिअरबॉक्सच्या पुस्तिकेत पाहावे. फोक्सवागनच्या सात गिअरांच्या कोरड्या प्रकारात तो सम क्लचवर आहे, तर सहा गिअरांच्या ओल्या प्रकारात विषम क्लचवर. त्या कोरड्या प्रकाराची गाडी पुढे निघताना थरथरते, पण तळघराच्या चढावर मागे घेताना शांतपणे चढते, असे आढळले तर बोट विषम क्लचकडे जाते. मागे-पुढे दोन्हीकडे सारखीच थरथर असेल तर दोन्ही क्लच एकदम बिघडले असे मानण्याची घाई करू नये. दोघांना समाईक असणारे काय आहे ते पाहावे: एंजिनाचे पाय, प्रचक्र, किंवा दोन्ही अस्तरांवर उडालेले तेल. काही गाड्यांत प्रचक्र दोन तुकड्यांचे असून त्यांमध्ये स्प्रिंगा असतात. एंजिन बंद करताना खडखड ऐकू आली तर त्या स्प्रिंगांची तपासणी अगत्याची ठरते.

थरथर केव्हा येते हाही साक्षीचाच भाग आहे. चेन्नई समुद्रकाठी आहे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथील मुख्य पावसाळा. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या लोखंडी तबकडीवर ओलाव्याचा व गंजाचा पातळ थर येतो. सकाळी पहिल्या चार-पाच वेळा गाडी थरथरते आणि नंतर दिवसभर तक्रार नसते. अशा गाडीला हात न लावणे हाच उपचार. याउलट, सकाळी निर्दोष असणारी गाडी अर्धा तास रहदारीत रांगल्यावर थरथरू लागली तर मामला उष्णतेचा आहे.

ही उष्णता किती असते याचा हिशेब उद्बोधक आहे. १२०० किलोग्रॅम वजनाची गाडी थांब्यावरून ताशी १० किलोमीटर वेगापर्यंत नेली तर तिला सुमारे ४.६ किलोजूल गतिज ऊर्जा मिळते. आणि एंजिनाचे फेरे स्थिर ठेवून क्लच घसरवत गाडी काढली तर जवळजवळ तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णतेच्या रूपाने राहते. दाबाच्या लोखंडी तबकडीचे वजन चार किलोग्रॅम धरले तर एका सुटण्याने तिचे तापमान दोन अंशांहून थोडे अधिक वाढते. ही वाढ क्षुल्लक वाटते. परंतु अशी पन्नास सुटणी लागोपाठ झाली व मध्ये थंड होण्यास अवसर मिळाला नाही, तर वाढ शंभर अंशांच्या पलीकडे जाते. त्याहूनही वाईट गोष्ट म्हणजे रांगणे. ब्रेक सोडला की ही गाडी ॲक्सिलरेटर न दाबताही हळूहळू पुढे सरकते, कारण नियंत्रक संगणक क्लच अर्धवट घसरत ठेवतो. समजा, क्लच २० न्यूटन-मीटर पीळ देत आहे आणि त्याच्या दोन बाजूंच्या वेगांत मिनिटाला ४०० फेऱ्यांचा फरक आहे. तर तेथे अखंडपणे सुमारे ८०० वॅट उष्णता निर्माण होते. घरातली कपड्यांची इस्त्री साधारण तेवढीच तापते. बंद पेटीत इस्त्री चालू ठेवल्यासारखा हा प्रकार आहे, आणि मे महिन्यात पेटीबाहेरची हवाही थंड नसते. घाटात चढ कितीही असला तरी क्लच एकदा पूर्ण धरला की घसरण थांबते व उष्णताही थांबते. सेकंड ॲव्हेन्यूवर मात्र तो पूर्ण धरण्यापूर्वीच पुढची गाडी थांबते. चालकाने पुढे थोडे अंतर राखून एकदम निघावे आणि थांबावयाचे तर पूर्ण थांबावे, हा सल्ला योग्यच आहे. काही गाड्यांत क्लच अतिशय तापला की नियंत्रक जाणूनबुजून हिसके देऊन चालकास सावध करतो, हेही ध्यानात असावे. त्या हिसक्यांना बिघाड समजून गिअरबॉक्स उघडणे म्हणजे धोक्याची घंटा वाजली म्हणून घंटाच मोडण्यासारखे होय.

परंतु चालविण्याच्या पद्धतीवर सर्व भार टाकणे अन्यायाचे आहे. फोर्डच्या कोरड्या दुहेरी क्लचबाबत ऑस्ट्रेलियात फिएस्टा, फोकस व इकोस्पोर्ट या गाड्यांच्या ग्राहकांनी फार मोठ्या संख्येने तक्रारी केल्या होत्या, त्यांत थरथर ही प्रमुख होती. दोष ठाऊक असूनही कित्येक ग्राहकांना ती त्यांच्या चालविण्याच्या पद्धतीमुळे येते असे सांगण्यात आले. तेथील ग्राहकहित आयोगाने प्रकरण न्यायालयात नेले आणि २०१८ मध्ये फेडरल न्यायालयाने त्या कंपनीस एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. हा दंड गिअरबॉक्सच्या रचनेबद्दल नव्हता, तक्रारदारांना दिलेल्या वागणुकीबद्दल होता. ज्या मालकाजवळ तारीख, अंतर, हवामान आणि थरथरीचा आलेख यांची नोंद असते त्याला ‘तुमचा पाय जड आहे’ असे सांगणे कठीण जाते.

यानंतर कार्यशाळेतील काम. निदानयंत्र गाडीला जोडून चालू गाडीत चार आकडे एकत्र पाहावेत: एंजिनाचे फेरे, दोन्ही दांड्यांचे फेरे, संगणकाने मागितलेला पीळ, आणि क्लचचे अनुमानित तापमान. मागणीची रेषा सरळ चढत आहे, पण दांड्याच्या फेऱ्यांची रेषा करवतीसारखी दातेरी आहे, तर दोष क्लचच्या पृष्ठभागाचा. मागणीची रेषाच हेलकावे खात असेल तर संगणकाची शिकवण बिघडली आहे. ‘शिकवण’ म्हणण्याचे कारण असे की अस्तर झिजत जाते तसा क्लच नेमका कोठे धरू लागतो तो बिंदू सरकतो, आणि संगणक तो पुनःपुन्हा शिकत असतो. ही शिकवण पुसून नव्याने देण्याची सोय निदानयंत्रात असते. ती स्वस्त व झटपट असल्यामुळे फार लोकप्रिय आहे. तिच्याने काही गाड्या खरोखर बऱ्या होतात. मात्र अस्तरावर तेल पडलेले असेल तर हीच क्रिया दोष काही आठवडे झाकून ठेवते, आणि जुने आकडे पुसले गेल्याने पुढच्या कारागिराचा पुरावाही नष्ट होतो. म्हणून आधी सर्व आकडे उतरवून घ्यावेत, मगच पुसावेत. हा क्रम उलटा करणाऱ्या कार्यशाळेकडे पुन्हा न गेलेले बरे.

शेवटी गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर काढलेला क्लच भंगारात टाकण्यापूर्वी मालकासमक्ष पाहिला पाहिजे. लोखंडावर निळसर डाग असतील तर तो उष्णतेचा इतिहास आहे. अस्तर चकचकीत व कडक असेल तर ते करपले आहे. ते काळपट, ओशट असून त्याला गिअरच्या तेलाचा वास येत असेल तर नवा संच बसविण्याआधी ऑइल सील बदलणे भाग आहे, नाही तर नवी अस्तरेही त्याच तेलाने भिजतील. नवा संच बसविताना उत्पादकाने सांगितलेल्या मोजमापाप्रमाणे फट जुळवावी लागते व त्यासाठी खास हत्यारे लागतात. अंदाजाने बसविलेला नवा क्लच पहिल्याच दिवशी थरथरू शकतो. शिकवण नव्याने देऊन झाली की गाडी त्याच रस्त्यावर, शक्यतो त्याच वेळी न्यावी: आधी सकाळी थंड असताना, मग संध्याकाळी तिरुमंगलम ते राउंडटाणा रांगत गेल्यावर, आणि मग तळघराच्या चढावर मागे घेताना. कंपमापकाचा नवा आलेख जुन्या आलेखाखाली ठेवून सेकंदाला आठ ते पंधरा या पट्ट्यातील उंचवटा गेला की नाही ते पाहावे. तो गेला नसेल तर गाडी ताब्यात घेऊ नये.